रापणीच्या वाट्याची चिठ्ठी : खिशातला प्रिंटर जोडताना केलेल्या नोंदी

मालवणला दांडीच्या किनाऱ्यावर आमची रापण आहे, म्हणजे अनेकांनी मिळून किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. तिचा हिशेब काका वहीत लिहितात. जाळं ओढून झालं, लिलाव झाला की होडीचा आणि जाळ्याचा वाटा बाजूला काढायचा आणि उरलेले पैसे माणसांत वाटायचे. ही वही कायम ओल्या हातांत आणि वाळूत. गेल्या मोसमात एका वाटेकऱ्याच्या नावापुढचा ९ पाण्यानं पसरला आणि १ म्हणून वाचला गेला. चूक आठ दिवसांनी सापडली, पैसेही लगेच दिले, पण तो माणूस महिनाभर काकांशी बोलला नाही. मी त्याला लहानपणापासून मामा म्हणतो. एकाच दोरीला जन्मभर हात लावलेल्या माणसांत एका आकड्यापायी अबोला यावा, हे मला फार लागलं. म्हणून या वर्षी प्रत्येकाला त्याच दिवशी, किनाऱ्यावरच, मराठीत छापलेली चिठ्ठी द्यायची असं ठरवलं.

१ नोव्हेंबर २०२५

प्रिंटर आला. ५८ मिमी कागदाचा, बॅटरीवर चालणारा, यूएसबी आणि ब्लूटूथ दोन्ही असलेला. २,८५० रुपये. सोबत दहा रोल मागवले, २४० रुपये. शाई लागत नाही; कागदावरच उष्णतेनं काळा होणारा लेप असतो.

पहिली चूक रोलची. दुकानात गल्ल्यावरच्या प्रिंटरला लागतात ते जाड रोल मी मागवले. खिशातल्या प्रिंटरचा कप्पा लहान असतो, झाकणच लागेना. शेवटी अर्धा रोल उलगडून रिकाम्या नळीवर गुंडाळला आणि बसवला. रोल मागवताना रुंदीइतकाच व्यासही बघा.

मग कागद बाहेर आला तो कोरा. दहा मिनिटं प्रिंटरला दोष देत बसलो. कागद उलटा बसला होता. लेप एकाच बाजूला असतो. नखानं ओरखडा काढला की ज्या बाजूला काळी रेघ उमटते ती छपाईची बाजू. रोल फिरवला, फीडचं बटण दाबून धरून प्रिंटर चालू केला, आणि त्यानं स्वतःचीच चाचणीची चिठ्ठी छापली. ती जपून ठेवा. माझ्या चिठ्ठीवर ब्लूटूथचं नाव आणि पासवर्ड दोन्ही होते: ००००. काही प्रिंटरांचा १२३४ असतो.

काका बघत होते. म्हणाले, "आधी चिठी हातात येवंदे, मगे काय ता बोलू."

२ नोव्हेंबर

आज फक्त केबलनं जोडायचं ठरवलं होतं. जोडणी आणि छपाई अशा दोन अडचणी एकदम अंगावर घ्यायच्या नाहीत. वायरवर छपाई नीट झाली की प्रिंटर, कागद आणि मजकूर यांच्यावरचा संशय मिटतो. मग बिनवायरचं काही अडलं तर ते ब्लूटूथचंच.

तरी दोन तास गेले. लॅपटॉप जुना, त्यावर उबुंटू. केबल लावली की प्रिंटरचा चार्जिंगचा लाल दिवा लागे, पण लॅपटॉपला प्रिंटर दिसत नव्हता. तीन वेळा सगळं बंद करून चालू केलं, पोर्ट बदलले. शेवटी बहिणीच्या जुन्या फोनची केबल लावली तर एका क्षणात यादीत आला. माझी केबल नुसती चार्जिंगची होती, आत माहितीच्या तारा नव्हत्याच. दिवा लागला म्हणजे केबल चांगली, असं धरून चालू नका. चालणारी केबल लाल चिकटपट्टी लावून वेगळी ठेवली.

पुढे परवानगीचा अडथळा. प्रिंटरची फाइल उघडायला गेलं की नकार. माझं खातं एलपी नावाच्या, प्रिंटर वापरायची परवानगी असलेल्या गटात घातलं, एकदा लॉगआऊट होऊन परत आलो, आणि इंग्रजीतली एक ओळ छापून आली. दुपारचे तीन वाजले होते.

५ नोव्हेंबर, त्रिपुरारी पौर्णिमा

मराठी मजकूर जसाच्या तसा पाठवला. कागदावर आली चिनी अक्षरं. वीतभर कागद चिनी अक्षरांनी भरला. असे स्वस्त प्रिंटर मुळात चिनी मजकुरासाठी बनवलेले असतात. येणाऱ्या बाइटच्या जोड्या लावून ते आपल्याकडचं चिनी अक्षर काढतात. २८ आणि ४६ हे दोन बाइट आधी पाठवले की चिनी बंद होतं. ते केलं, तर त्या जागी युरोपातली टोप्या घातलेली अक्षरं आली. प्रिंटरच्या आत देवनागरी नाहीच. कोडपेज, म्हणजे प्रिंटरमधला अक्षरांचा तक्ता, बदलून मराठी मिळेल या आशेवर मी रात्री साडेअकरापर्यंत एकेक कोडपेज लावून पाहिलं, आणि जवळजवळ एक रोल त्यात संपला.

उपाय एकच: चिठ्ठीचं चित्र करायचं आणि ते ठिपक्यांनी छापायचं.

८ आणि ९ नोव्हेंबर

हे दोन दिवस चित्रातच गेले.

या प्रिंटरचे मिलिमीटरला ८ ठिपके. कागद ५८ मिमी, पण छपाई होते ४८ मिमीवर, म्हणजे आडव्या ओळीत ३८४ ठिपके. आठ ठिपक्यांचा एक बाइट, म्हणून ओळीला ४८ बाइट. चित्र पाठवण्याआधी २९, ११८, ४८, ० हे चार बाइट द्यायचे, मग रुंदी बाइटमध्ये आणि उंची ठिपक्यांत.

मी बाजूला थोडी कोरी जागा सोडावी म्हणून चित्र ३८० ठिपक्यांचं केलं आणि आठानं भागून रुंदी ४७ सांगितली. प्रत्यक्षात पायथन, म्हणजे ज्या भाषेत मी हा प्रोग्राम लिहिला ती, प्रत्येक ओळ पूर्ण बाइटपर्यंत भरून ४८ बाइटच देत होता. दर ओळीला एक बाइट उरे आणि तो पुढच्या ओळीत घुसे. सगळी चिठ्ठी वाऱ्यावरच्या पावसासारखी तिरकी. चित्र बरोबर ३८४ चं केलं, कोरी जागा चित्राच्या आतच ठेवली, आणि अक्षरं सरळ उभी राहिली.

सरळ राहिली, पण चुकीची. "किलो"मधली वेलांटी क च्या पुढे जाऊन पडली होती, "खर्च"मधला रफार सुटून र चा पाय मोडला होता. पिलो या पायथनच्या चित्रांच्या लायब्ररीची साधी मांडणी अक्षरं एकामागून एक ठेवते. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी घ्यायची आणि जोडाक्षर जुळवायचं हे काम राक्म नावाची लायब्ररी करते, ती माझ्या लॅपटॉपवर नव्हती. ती घातली आणि "किलो" जागेवर आला.

आधीची मोडलेली चिठ्ठी मी घाईनं शेजारच्या मावशींना दाखवली होती. त्या रापणीवर मासे घेतात, शाळेत सातवीपर्यंत गेलेल्या. चष्मा लावून त्यांनी दोनदा वाचलं आणि विचारलं, "माका वाचूक येता रे, पन ह्या काय लिवलंस?" मोडलेलं मराठी माणसाला स्वतःच्या वाचण्यावर शंका घ्यायला लावतं. त्यानंतर अक्षर पूर्ण नीट होईपर्यंत मी कुणालाही कागद दिला नाही.

शेवटचा दोष अक्षरांभोवतीच्या धुळीचा. चित्र काळं-पांढरं करताना पिलो आपणहून करड्या भागाचे विरळ ठिपके करतो. फोटोला ते चांगलं, अक्षराला वाईट. ते बंद करून सरळ हिशेब लावला: अर्ध्याहून गडद ते काळं, बाकी पांढरं. आता धूळ गेली, पण बारीक फाँटची शिरोरेषा मध्येच तुटायला लागली. "मुक्त" नावाच्या फाँटचं जाड वजन घेतलं, आकार २८. भिंगाखाली बघितलं तर शिरोरेषा सलग तीन ठिपके जाड, आणि ९ च्या खालची शेपटी १ पासून स्वच्छ वेगळी. ९ आणि १ शेजारी शेजारी छापून काकांना दिवाबत्तीच्या उजेडात वाचायला दिले. न अडखळता वाचले.

१२ नोव्हेंबर

आता ब्लूटूथ. लॅपटॉप वाळूत नेता येत नाही, म्हणून फोनवर छोटं ॲप केलं. फोनवर एक सुख: अँड्रॉइड स्वतःच देवनागरी नीट मांडतो, राक्मची कटकट नाही.

फोनवर शोधल्यावर एकाच प्रिंटरची दोन नावं दिसली. एक जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथचं, एक कमी वीज खाणाऱ्या नव्या पद्धतीचं. मी पहिलं दिसलं ते पेअर केलं, ते नेमकं नवीन, आणि माझं ॲप जुन्या ब्लूटूथची सिरियल पद्धतीची जोडणी मागत होतं. अर्धा तास गेला. चाचणीच्या चिठ्ठीवर छापलेलं नाव अक्षरशः जुळवून घ्या.

पेअर झालं, तरी सेटिंगमध्ये "कनेक्टेड" कधीच दिसेना. त्यामागे लागू नका. असा प्रिंटर ॲपनं हाक मारली तेवढ्यापुरताच जोडला जातो.

अँड्रॉइड १२ पासून "जवळची उपकरणं" अशी वेगळी परवानगी लागते. ती न मागितल्यामुळे ॲप काही न सांगता बंद पडत होतं. ती दिली, तरी जोडणी नाकारली गेली. एक तासानं लक्षात आलं की सकाळी मी लॅपटॉपवरून ब्लूटूथ करून पाहिलं होतं आणि त्यानं जोडणी धरून ठेवली होती. हा प्रिंटर एका वेळी एकाचाच. लॅपटॉपचं ब्लूटूथ बंद केलं आणि फोनवरून पहिली चिठ्ठी निघाली. अर्धीच.

१५ नोव्हेंबर

अर्ध्या चिठ्ठीचा शोध तीन संध्याकाळी चालला. केबलवर हेच चित्र पूर्ण येत होतं, ब्लूटूथवर कधी निम्म्यावर थांबे, कधी मधूनच कचरा. आधी केबलवर खात्री केली नसती तर मी पुन्हा चित्रच तपासत बसलो असतो.

आमची चिठ्ठी ८० मिमी लांब, म्हणजे ६४० ओळी, प्रत्येकी ४८ बाइट: ३०,७२० बाइट. कागद त्याच्या वेगानंच सरकतो आणि आतली साठवणूक लहान. यूएसबीवर प्रिंटर भरला की लॅपटॉपला थांबायला लावतो. माझ्या प्रिंटरच्या ब्लूटूथच्या बाजूला तसं थांबवणं नीट होत नाही. भरून वाहिलेलं सांडून जातं.

चित्राचे ३२ ओळींचे २० तुकडे केले आणि मध्ये थांबा दिला. ३० मिलिसेकंद थांबून पुन्हा कचरा आला. २०० ला सगळं आलं, पण दर ४ मिमीवर कागद थबकल्यामुळे अक्षरांतून केसासारखी पांढरी रेघ. ८० वर बसलं. तरी एखादी रेघ राहिली, म्हणून तुकडा ३२ ओळींवर आंधळेपणानं न तोडता दोन मजकुराच्या मधल्या कोऱ्या जागेत तोडला. आता रेघ पडली तरी कोऱ्यात पडते.

आणि शेवटचा सेंटिमीटर, ज्यात नेमका वाट्याचा आकडा, तो मात्र कधी कधी येतच नव्हता. पाठवून झाल्या झाल्या ॲप जोडणी बंद करत होतं आणि वाटेतले बाइट तिथेच मरत होते. दोन सेकंद थांबून मग बंद केलं. तीस चिठ्ठ्या सलग काढल्या, तीसही पूर्ण.

१६ नोव्हेंबर

एका वाटेकऱ्याच्या मुलाचा आयफोन. या पद्धतीनं त्यावर चालणार नाही. जुन्या ब्लूटूथच्या सिरियल जोडणीसाठी तिथे ॲपलची मान्यता असलेलंच यंत्र लागतं. विषय सोडला.

२० नोव्हेंबर, अमावास्या

पहिला खरा दिवस. पहाटे होडीनं जाळं टाकलं, दोन्ही टोकांना दोरीला माणसं लागली, साडेआठला रापण वर आली. बांगडा चांगला, थोडे पेडवे, चार सौंदाळे. लिलाव संपला तेव्हा उधाणाचं पाणी आमच्या फळीपर्यंत आलेलं. फळी दोनदा मागे सरकवली.

घरात तीस पैकी तीस निघालेल्या चिठ्ठ्या इथे चौदापैकी नऊ निघाल्या. का, ते लिहून ठेवतो.

फोन माझ्या हातात, प्रिंटर फळीवर, आणि मध्ये भिजलेली माणसं दाटीवाटीनं उभी. ब्लूटूथच्या लहरी पाणी शोषून घेतं. ओल्या माणसांची भिंत म्हणजे पाण्याचीच भिंत. प्रिंटर गळ्यात अडकवून फोनच्या हातभर अंतरात ठेवला आणि जोडणी तुटणं थांबलं.

दोन चिठ्ठ्यांच्या मध्ये हिशेबाला वेळ लागला की प्रिंटर झोपून जाई आणि पुढची हाक फुकट. झोपेची वेळ बदलता येत नव्हती, म्हणून ॲपमध्ये तीनदा हाक मारायची सोय केली.

आणि सगळ्यात लागलेली गोष्ट: मथळा मी हौसेनं काळ्या पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत ठेवला होता. सलग काळं छापताना प्रिंटरच्या तापणाऱ्या पट्टीवरचे सगळे ठिपके एकदम तापतात, वीज एकदम खेचली जाते, आणि बॅटरी अर्ध्यावर आलेली असली की प्रिंटर मध्येच बंद पडून परत चालू होतो. पट्टी त्याच रात्री काढली. एका चार्जवर आता तिथेच दुप्पट तरी चिठ्ठ्या निघतात.

ज्यांना चिठ्ठी मिळाली नाही त्या पाच जणांपैकी एक मामा. "माजो वाटो खंय?" एवढंच म्हणाले, शांतपणे. घरी येऊन केबलवर चिठ्ठी छापली आणि संध्याकाळी त्यांच्या पडवीत नेऊन दिली.

२३ नोव्हेंबर

ब्लूटूथ अडलं तर किनाऱ्यावरही केबल हवी, म्हणून फोनला यूएसबी केबल जोडता येते ती ओटीजीची १२० रुपयांची पिन घेतली. माझ्या फोनवर ओटीजी सेटिंगमधून चालू करावं लागतं आणि दहा मिनिटं वापरलं नाही तर ते आपोआप बंद होतं. हे कळेपर्यंत मी दुसरी पिन आणून बसलो होतो. शिवाय केबल लावली की प्रिंटर फोनमधून चार्ज व्हायला लागतो. किनाऱ्यावर फोन संपणं परवडत नाही, म्हणून चिठ्ठी निघाली की केबल काढायची.

ॲपमध्ये आता वर दोनच बटणं: ब्लूटूथ आणि केबल. चित्र तेच, वाट वेगळी.

२५ नोव्हेंबर

बहिणीच्या तारकर्लीच्या खाणावळीतला वायफाय प्रिंटर वीज गेली की दिसेनासा होतो, तो बघायला गेलो. वीज आल्यावर राउटर त्याला दुसराच पत्ता देत होता आणि बिलाचं ॲप जुन्या पत्त्यावर ९१०० पोर्टला हाका मारत होतं. राउटरमध्ये त्याचा पत्ता कायमचा बांधून दिला. वीस मिनिटांचं काम, जेवण मात्र आग्रहाचं झालं. किनाऱ्यावर वायफायचा विचार करू नका. राउटर आणि त्याची वीज ही दोन जास्तीची ओझी.

३० नोव्हेंबर

छपाई डावीकडे फिकट पडायला लागली, एक उभी पांढरी रेघ. झाकण उघडून बघितलं तर तापणाऱ्या पट्टीवर मीठ आणि कागदाची पूड यांचा पातळ थर. प्रिंटर बंद करून, थंड होऊ देऊन, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापूस बुडवून पट्टी हलकेच पुसली, पाच मिनिटं वाळू दिली. रेघ गेली. नखानं किंवा टोकदार वस्तूनं खरवडू नका, पट्टीवरचा ठिपका कायमचा मरतो. आता दर आठवड्याला एकदा पुसतो, आणि प्रिंटर किनाऱ्यावर प्लॅस्टिकच्या डब्यात नेतो.

कागदाचंही सांभाळावं लागतं. एकानं चिठ्ठी दुचाकीच्या टाकीवर उन्हात ठेवली, दुपारपर्यंत राखाडी झाली. दुसरीवर खोबरेल सांडलं, तिथली अक्षरं उडाली. म्हणून वही बंद केलेली नाही. चिठ्ठी त्या दिवसाच्या खात्रीसाठी, वही कायमसाठी, आणि चिठ्ठीचं चित्र तारखेसह फोनमध्येही राहतं.

७ डिसेंबर

आजवरचा खर्च: प्रिंटर २,८५०, पहिले रोल २४०, योग्य व्यासाचे दहा रोल १८०, ओटीजीच्या दोन पिना २४०, अल्कोहोल आणि डबा १९०. एकूण ३,७०० रुपये. वेळ मात्र मोजल्यापेक्षा जास्त, धरून चला पस्तीस तास, त्यातले निम्मे तीन गोष्टींत: चार्जिंगची केबल, कोडपेज, अर्धी चिठ्ठी.

आज सोळा वाटेकरी, सोळा चिठ्ठ्या, सगळ्या ब्लूटूथवर. मामांनी आपली घेतली, डोळ्यांपासून लांब धरून वरपासून खालपर्यंत वाचली: मासळी, टोपल्या, खर्च, वाटा. मग काकांच्या वहीत स्वतः बोट ठेवून तोच आकडा जुळवला आणि वही मिटून काकांच्या हातात दिली. दोघं होडी वर ओढायला गेले.

राहिलेलं काम: आकार २८ अक्षर दोन म्हाताऱ्यांना अजून लहान पडतं. वाट्याची ओळ ४० ची करून बघायची आहे. तेवढीनं चिठ्ठी थोडी लांबेल, म्हणजे एखादा तुकडा वाढेल, थांबा तोच.